खोदकामात जुनं काही लागलं तर? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

शेततळं असो, विहीर असो की सपाटीकरण, आमच्या खोदकामाच्या मशीनचं बुकिंग करताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "मध्येच गुप्तधनाचा हंडा लागला तर तो कोणाचा?" प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, मशीनची बकेट घातली की खापरं, राख, जुन्या विटा निघतातच. म्हणून एकदाच लिहून देतो.

आधी ती चूक, जिच्यापायी आमची मशीन अडकते आणि तुमचं काम रखडतं : वस्तू जागेवरून उचलणं. काही दिसलं की मालक स्वतः खड्ड्यात उतरतात. वस्तू घरी जाते, चिंच लावून घासली जाते, फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो आणि आम्हाला फोन सगळ्यात शेवटी. पंचनाम्याला आलेला माणूस पहिलं विचारतो, नेमकी कुठं आणि किती खोल सापडली? कोणालाच नीट सांगता येत नाही. मग अख्ख्या गटातलं काम थांबतं. वस्तू जागेवरच असेल तर तेवढा कोपरा चुन्याने आखून बाकीचं काम चालू ठेवण्याची विनंती तरी करता येते.

जागेला एवढी किंमत का, हे प्रवराकाठच्या दायमाबाद या प्राचीन वस्तीच्या जागेवरून कळतं. 1974 साली तिथल्या शेतकऱ्याला झुडपाची मुळं उकरताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडीसारखा रथ अशा कांस्यमूर्ती मिळाल्या. चारही मिळून 60 किलोंहून जास्त वजनाच्या. पण त्या शास्त्रीय उत्खननात, थरासकट निघालेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला.

आमचा ऑपरेटर मशीन थांबवतो, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो, वर सैल माती लोटतो आणि तुम्हाला बोलावतो. "चल रे, काढ पटकन" म्हटलं तरी तो काढणार नाही. त्याला तशी सूचना आहे. राग धरू नये.

आता हंड्याचं. 1878 चा निखात निधी (म्हणजे पुरलेलं धन) कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जमिनीत सापडला तर काय, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. अर्जाची पोच घ्या, तोंडी सांगणं पुरत नाही. लपवलं तर सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऐवज बेवारस ठरला आणि आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. सरकारला तो हवा असेल तर किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. सापडणारा कोण, ऑपरेटर की तुम्ही, यावरून भांडणं होतात. म्हणून आमच्या करारपत्रात आम्ही व आमचा ऑपरेटर आपला हिस्सा जमीनमालकाला सोडतो, असं कलम आहे. स्वस्तात मशीन देणाऱ्यांकडे एवढं विचारून बघा.

मात्र प्रत्येक मडकं हंडा नसतं. तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले दोन रांजण दिसले तर ते बहुधा लहान मुलाचं दफन असतं; पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली अशी बरीच मिळाली. फोडू नका. तांबड्यावर काळी नक्षी असलेलं, वाजवलं की खणखणणारं पातळ खापर जोर्वे संस्कृतीचं असू शकतं, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचं. हे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. मांत्रिकाला मात्र बोलावू नका. गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांना 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरात दगडासारखं जड हाड लागलं तर तेही जागेवर झाकून ठेवा. उघडं पडून उन्हात वाळलं की तडकतं. त्याची खबर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला द्यावी. मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. काळ्या पाषाणातले पांढरे चमकते खडे म्हणजे हाडं नव्हेत, त्यासाठी काम थांबवायची गरज नाही.

थांबलेल्या मशीनचं भाडं का, असंही विचारतात. पहिले दोन तास काही घेत नाही. पुढे अर्धा दर लागतो, कारण मशीनचा हप्ता आणि ऑपरेटरची हजेरी थांबत नाही. शेतात पांढरी किंवा जुनं टेकाड असेल तर बुकिंग करतानाच सांगा. आम्ही दात नसलेली बकेट आणतो. ती थर अलगद सोलते आणि भाडं तेवढंच पडतं.