'नमस्ते' योजनेत नाव कसं नोंदवायचं? पुण्यातल्या ड्रेनेज कामगार आणि कचरावेचकांसाठी माहिती

ड्रेनेज आणि सेप्टिक टाकीच्या कामात माणसाचा जीव जाऊ नये, यासाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये 'नमस्ते' योजना आणली. 2024 मध्ये कचरावेचकांचाही तिच्यात समावेश झाला. नोंदणी झाली की सुरक्षा साधनांचा संच, कामाचं प्रशिक्षण आणि आयुष्मान कार्ड मिळण्याचा मार्ग खुला होतो. या कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे.

कोण पात्र?

इथे काम बघतात, जात नाही. चेंबर साफ करणारे तर आलेच. सक्शन किंवा जेटिंग गाडीवरचा ड्रायव्हर, मशीन चालवणारा आणि पाइप ओढणारा मदतनीसही आला. कंत्राटदाराकडे रोजावर आहात, पगाराची चिठ्ठी मिळत नाही, म्हणून मागे राहू नका. योजना मुळात अशांसाठीच आहे.

पुण्यात कचरावेचकांची संघटना जुनी आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून काम करते आणि 'स्वच्छ' संस्थेमुळे अनेकींकडे ओळखपत्र आहे. ते सोबत ठेवाच, कामाचा चांगला पुरावा आहे. मात्र ओळखपत्र आहे म्हणजे 'नमस्ते'त नाव आलं, असं धरून चालू नका. नोंदणी वेगळी करावी लागते.

कागदपत्रं

आधार कार्ड, आधारशी जोडलेला मोबाइल नंबर, बँक पासबुक, रेशनकार्ड आणि कामाचा जो असेल तो पुरावा. रांगेतून परत यावं लागतं ते बहुतेक वेळा दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे नाव: आधारवर 'शांताबाई', रेशनकार्डावर 'शांता', नाहीतर एकीकडे माहेरचं आडनाव. ते आधीच दुरुस्त करून घ्या. दुसरी म्हणजे बोटांचे ठसे. वर्षानुवर्षं काच, पत्रा, ओला कचरा हाताळून ठसे पुसट होतात आणि मशीन ते घेत नाही. अशा वेळी ओटीपीने ओळख पटवता येते, पण नंबर मुलाच्या फोनचा असेल आणि मुलगा कामावर असेल, तर तेही अडतं. फोन सोबत न्या. फोन नसेल तर चेहऱ्यावरून पडताळणी करून मागा.

नोंदणी कशी होते?

ही नोंदणी महापालिकेमार्फत होते. आपल्या आरोग्य कोठीवरच्या मुकादमाला किंवा क्षेत्रीय कार्यालयातल्या घनकचरा विभागाला शिबिर कधी आहे ते विचारा. ड्रेनेज कामगारांनी मलनिस्सारण विभागात चौकशी करावी. शिबिरात माहिती मोबाइल अ‍ॅपवर भरतात आणि नंतर महापालिका तिची पडताळणी करते. यासाठी एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

ज्यांना स्वतःची सक्शन गाडी किंवा मशीन घ्यायचं आहे, त्यांना कर्जावर भांडवली अनुदान मिळतं. एकट्याने अर्ज केला तर ते जास्तीत जास्त 5 लाख रुपये आहे.

प्रशिक्षण टाळू नका

टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. 'आता वास नाही, उतर' असं म्हणणं म्हणूनच जिवावर बेततं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क हा वायू अडवत नाही. आतला माणूस पडला की वाचवायला दुसरा उडी घेतो आणि तोही जातो. अशा किती घटना आपण वाचल्या आहेत. गॅस मोजायचा कसा, वरून दोर कोणी धरायचा, हे प्रशिक्षणात हाताने करून दाखवतात. त्या दिवसाचा रोज बुडतो हे खरं, तरीही जा.

सोसायट्यांसाठी

हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आम्ही काम कंत्राटदाराला दिलं होतं' एवढ्याने सोसायटी हात झटकू शकत नाही. टाकी उपसायची असेल तर मशीनच बोलवा. त्यासाठी आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14420 आहे.

दुर्घटना झाली तर

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालानुसार गटारात मृत्यू झाल्यास वारसांना 30 लाख, कायमचं अपंगत्व आल्यास 20 लाख आणि इतर अपंगत्वाला किमान 10 लाख रुपये भरपाई आहे. एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचे पुरावे जपून ठेवा. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आणि विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनातल्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे द्या. कंत्राटदार थोडे पैसे पुढे करून 'इथेच मिटवू' म्हणाला, तर कशावरही सही किंवा अंगठा करू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.