मामा तलाव जितका खोल, तितके पाणी जास्त?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत, माजी मालगुजारी म्हणजेच मामा तलाव (मालगुजार जमीनदारांच्या काळातला जुना सिंचन तलाव) जेवढा खोल खणावा तेवढा तो दुष्काळात तारतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो अर्धाच खरा आहे. साचलेला गाळ काढणे आवश्यक आहेच. परंतु या तलावांतील पाणी पाळीतल्या, म्हणजे मातीच्या बांधातल्या, तोंडातून, पंपाशिवाय, केवळ उताराने धानाच्या बांधीत उतरते, आणि त्या तोंडाच्या पातळीखाली खणलेल्या खड्ड्यातले पाणी, ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो तेव्हा, डोळ्यांसमोर असूनही आपोआप शेतापर्यंत पोहोचत नाही. तळाचा चिकणमातीचा थर फुटला, तर ते झिरपूनही जाते. काठाचा उथळ भाग खरवडला की देवधान (रानटी भात) आणि इतर पाणवनस्पती नाहीशा होतात, त्यांच्या आधाराने वाढणारी मासळी घटते आणि त्याचा पहिला फटका मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर कुटुंबांना बसतो. हेच नुकसान सर्वांत कमी मोजले जाते, असे मला वाटते. म्हणून दुरुस्ती पाळ, तोंड आणि पाणी आणणाऱ्या नाल्यांपासून सुरू करावी, तलावात माजणारी बेशरमाची झुडपे मुळासकट काढावीत, आणि गाळ मूळ तळापर्यंतच, काठ राखून, उपसावा.