व्हिक्टोरियन लिव्हरपूलमधले बालमृत्यू

इंग्लंडमधल्या मजुरांच्या राहणीची आणि आरोग्याची पाहणी करणाऱ्या एडविन चॅडविकच्या १८४२ च्या रिपोर्टमधला एक आकडा सगळीकडे फिरत असतो, लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या बंदराच्या शहरातल्या मजुरांचं मरणाचं सरासरी वय १५ वर्षं. ते वाचून लोकांना वाटतं की तिथे माणसं पंधराव्या वर्षीच मरायची, पण तसं नाहीये, तान्ही पोरंच इतकी जायची की सरासरी खाली घसरायची, आणि जो पहिली काही वर्षं तगला तो पुढे चांगला मोठाही व्हायचा. त्याच शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आकडा ३५ होता, म्हणजे तोही काही फार भारी नाही.

व्हिक्टोरियन म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंड-वेल्समध्ये दर १००० जन्मांमागे साधारण १५० बाळं वर्षाच्या आत दगावायची, लिव्हरपूलमध्ये त्याहून जास्त. मृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून सुरू झाली, पण कारणाच्या रकान्यात काय लिहिलेलं असायचं तर ‘आकडी’, ‘अशक्तपणा’, नाहीतर चक्क ‘दात येणे’. आता दात येऊन कोण मरतं? आकडी हे लक्षण झालं, मूळ दुखणं जुलाब, गोवर, डांग्या खोकला नाहीतर न्यूमोनिया काहीही असू शकायचं. डॉक्टरचं सर्टिफिकेट तर १८७४ च्या कायद्यानंतर कुठे सक्तीचं झालं, त्यामुळे जुने आकडे जरा जपूनच वापरावेत.

खरा घात उन्हाळ्यातल्या जुलाबांनी केला. दाटीवाटीची घरं, तळघरात राहणारी कुटुंबं, अख्ख्या चौकाला मिळून एखाददुसरा संडास, माश्या, आणि त्यात वरचं दूध. तेव्हाच्या दुधाच्या बाटलीला लांब रबरी नळी असायची, बाळ पडल्या पडल्या स्वतःच चोखत राहायचं म्हणून आईला सोयीची, पण ती नळी आतून साफच करता यायची नाही, दूध आत सडायचं. लोक तिला खुनी बाटलीच म्हणायला लागले तरी ती खपत राहिली! रडणाऱ्या पोराला गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं औषध पाजायचे, त्यात अफू (मुंबईच्या गिरणीतल्या बायकाही पोरांना अफूची बाळगोळी द्यायच्या).

१८४७ मध्ये लिव्हरपूलने डॉ. विल्यम डंकनला आरोग्य अधिकारी नेमलं, ब्रिटनमधला पहिलाच. पुढे गटारं, पाणी सुधारलं, मोठ्यांचे मृत्यू १८७० नंतर कमी होत गेले, तान्ह्यांचे मात्र शतक संपेपर्यंत हटले नाहीत, उलट १८९० च्या दशकातल्या कडक उन्हाळ्यांत वाढलेच. आयांना स्वच्छ बाटलीत निर्जंतुक दूध देणारं केंद्र शेजारच्या सेंट हेलेन्समध्ये १८९९ ला निघालं, लिव्हरपूलमध्ये १९०१ ला.