डिझेल गाडीचा ईजीआर बंद करणं

ईजीआर म्हणजे इंजिनातून जळून बाहेर निघालेल्या गॅसचा काही भाग परत हवेच्या वाटेने आत सोडणारी सिस्टीम. एक व्हॉल्व्ह, एक पाइप आणि डिझेल गाडीत बहुतेक वेळा सोबत एक कूलर, एवढाच तिचा पसारा. ती काढून टाकणं किंवा मधे पत्रा घालून ब्लँक करणं हा प्रकार आपल्याकडे कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच हाय प्रेशर पाइपमधून डिझेल देणाऱ्या) डिझेल गाड्यांच्या मालकांमध्ये बराच चालतो, आणि बऱ्याचदा नेमका बिघाड काय आहे ते न बघताच चालतो.

जळालेल्या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड, वाफ जास्त असते, म्हणून तो मिसळला की ज्वलनाचं टोकाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी तयार होतात. बीएस ४ या आधीच्या प्रदूषण नियमांमध्ये डिझेल कारला दर किलोमीटरला २५० मिलिग्रॅम नॉक्सची मुभा होती, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ आलं आणि ती ८० वर आली, तेव्हा कंपन्या हा व्हॉल्व्ह हौसेने बसवत नाहीत हे उघड आहे.

त्रास काजळीचा. एक्झॉस्टमधली कोरडी काजळी आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, एकत्र आली की डांबरासारखा चिकट थर बसतो, आणि रोज दोन-चार किलोमीटर ट्रॅफिकमध्ये फिरून बंद होणाऱ्या गाडीत तो जास्तच बसतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आयडलिंगला गाडी थरथरते, मधेच बंद पडते, पिकअप जातो, काळा धूर येतो. बंद अडकला तर चालवताना फारसं काही कळत नाही, फक्त चेक इंजिन लाइट लागतो.

बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की बहुतेक वेळा पी०४०१ हा कोड दिसतो, म्हणजे गॅस पुरेसा येत नाही. पण हा कोड आला म्हणून व्हॉल्व्हच गेला असं अजिबात नाही. बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, हे आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरवरून ओळखतो: व्हॉल्व्ह उघडला की बाहेरून येणारी ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी, ती झाली नाही की कोड. म्हणजे सेन्सरच मळलेला असेल, व्हॅक्युमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची रबरी नळी तडकलेली असेल किंवा त्या नळीतला व्हॅक्युम चालू-बंद करणारा सोलेनॉइड मेला असेल तरी हाच कोड येऊ शकतो, म्हणून आधी नळी बोटाने वाकवून बघावी, मग व्हॉल्व्ह खोलावा. साफ करताना कार्बन क्लीनर आणि ब्रश चालतो, पण मोटरच्या आणि कनेक्टरच्या बाजूला क्लीनर जाऊ द्यायचा नाही, बसवताना पॅकिंग नवीन, आणि इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर काही गाड्यांत स्कॅनरने त्याची पोझिशन पुन्हा शिकवावी लागते. बाहेर कुठे लीक नसताना कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायच्या आधी ईजीआर कूलर तपासा, आणि हे पुढे ढकलू नका. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना ज्या आगी लागल्या त्यामागे हाच गळणारा कूलर होता.

आता बंद करण्याबद्दल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॉल्व्ह तसाही बंद होतो, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या ईजीआरवर पत्रा मारून जास्तीची ताकद मिळत नाही, जो फरक जाणवतो तो अडकलेला व्हॉल्व्ह वाटेतून बाजूला गेल्याचा असतो आणि तो साफ करूनही मिळाला असता. ईजीआर बंद झाला की काजळी खरंच कमी होते, सायलेन्सरचं तोंड स्वच्छ दिसतं. पीयूसीला डिझेल गाडीचा फक्त धुराचा गडदपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत, म्हणून ती पासही होते. मालकाला वाटतं गाडी सुधारली, प्रत्यक्षात जे दिसत नाही ते नॉक्स वाढलेलं असतं, आणि तेच श्वासनलिकेला सूज आणतं, उन्हात ओझोन बनवतं, दम्याच्या पोरांना सगळ्यात आधी बाधतं. फोक्सवॅगनचं २०१५ चं प्रकरण तरी दुसरं काय होतं, टेस्ट चालू आहे हे ओळखून सॉफ्टवेअर ईजीआर नीट चालवायचं आणि रस्त्यावर कमी करायचं. भारतातल्या गाड्यांची तपासणी पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने केली आणि कंपनीला तीन लाखांवर गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. जे कंपनीने लपून केलं तेच आपण गल्लीतल्या गॅरेजात पैसे देऊन करून घेतो, याचं वाईट वाटतं.

कायद्यानेही परवानगी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस ६ गाडीत तर नुसता पत्रा मारून भागत नाही, ईसीयू लगेच पकडतो, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद मुद्दाम कमी करून चालण्याच्या अवस्थेत, जाऊ शकते, मग रिमॅप करा, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदला, आणि त्यात डीपीएफच्या, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, सफाईचं गणितही बिघडायची भीती.

सेकंडहँड डिझेल घेताना ईजीआर पाइपच्या फ्लँजमध्ये, म्हणजे बोल्टने जोडलेल्या सांध्यात, टॉर्च मारून बघावं, दोन पॅकिंगच्या मधून पातळ पत्र्याची कड बाहेर डोकावत असेल तर ब्लँक केलेला आहे. रिमॅपवरून बंद केला असेल तर तो असा दिसत नाही, त्यासाठी चालू इंजिनावर स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडायची कमांड देऊन हवेचं रीडिंग खाली येतं का ते बघावं लागतं.