उजनीचा हिरवा तवंग आणि कार्बनचा साठा

उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यावर हिरवा तवंग चढतो. सांडपाण्यातून येणारं नत्र आणि स्फुरद हे त्याचं मोठं कारण, आणि त्यावर सोलापूरकरांनी बोललंच पाहिजे. पण अशा तवंगात जे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जिवाणू असतात, त्यांना एवढं वाढायला कार्बन कुठून मिळतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

कारण पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिळणं अवघड. हवेत तो जेमतेम 0.04 टक्के, आणि पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. भर दुपारी प्रकाशसंश्लेषण जोरात असलं की तवंगाच्या पाण्याचा सामू (pH) 9 च्याही वर जाऊ शकतो. अशा पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड नावापुरता उरतो. कार्बन असतो तो बायकार्बोनेटच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात बदललेल्या, विद्युतभारित रूपात.

त्यात भर रुबिस्कोची. कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणारं हे विकर (एन्झाइम) फार संथ आहे. वनस्पतींमध्ये त्याची एकेक क्रियाशील जागा सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू पकडते, शिवाय चुकून ऑक्सिजनही पकडते. तूर-हरभऱ्यासारख्या पिकांत हे साधारण चारांत एकदा घडतं, ऊन वाढलं की आणखी. सायनोबॅक्टेरियांचं रुबिस्को जास्त चपळ असतं, पण त्याची कार्बन डायऑक्साइडवरची पकड आणखी ढिली. म्हणजे भोवती त्या वायूची दाटी असेल तरच ते कामाचं.

ही दाटी हे जिवाणू स्वतः करतात. त्यांच्या पेशीतल्या पटलांवर, म्हणजे पातळ पडद्यांवर, कार्बन आत घेणाऱ्या पाच यंत्रणा सापडल्या आहेत. तीन बायकार्बोनेट ओढतात: एक थेट एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन खर्चून, दोन सोडियमच्या आधारानं. उरलेल्या दोन आत शिरलेल्या किंवा आतूनच निसटू पाहणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करून टाकतात. बायकार्बोनेटवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते पटलातून सहज बाहेर पडू शकत नाही. अशा रीतीनं बाहेरच्यापेक्षा हजार पटींपर्यंत कार्बन आत साठतो.

पुढची पायरी कार्बोक्सिझोममध्ये. प्रथिनांच्या कवचाची ही बहुपृष्ठी पेटी शे-दोनशे नॅनोमीटरची किंवा थोडी मोठी असते आणि आत रुबिस्को ठासून भरलेलं असतं. सोबत कार्बोनिक अनहायड्रेज हे अतिवेगवान विकर. बायकार्बोनेट पेटीत शिरलं की ते त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करतं, आणि तोही रुबिस्कोच्या अगदी शेजारी.

हे विकर पेटीतच का हवं, हे 1989 मध्ये प्राइस आणि बॅजर या शास्त्रज्ञांनी दाखवलं. मला हा प्रयोग या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी माणसाचं कार्बोनिक अनहायड्रेज जिवाणूच्या पेशीद्रवात तयार करवलं. झालं, साठवलेल्या बायकार्बोनेटचा पेटीबाहेरच वायू होऊन पंक्चर ट्यूबमधल्या हवेसारखा निसटू लागला. ते जिवाणू मग साध्या हवेत नीट वाढेनात. त्यांना भरपूर कार्बन डायऑक्साइड पुरवावा लागला. विकर तेच काम करत होतं, फक्त जागा चुकली होती.

आपली ज्वारी आणि ऊसही रुबिस्कोभोवती कार्बन दाटवतात, पण दोन प्रकारच्या पेशींत काम वाटून. मंगळवेढ्याची मालदांडी कोरड्यात तग धरते त्याला इतरही कारणं आहेत, तरी कमी पाण्यात जास्त कार्बन पकडण्याची ही सोय त्यांतली एक. तूर, हरभरा, डाळिंब यांच्याकडे ती नाही.

म्हणूनच जिवाणूंची ही रचना पिकांत आणण्याची धडपड चालू आहे. 2014 मध्ये सायनोबॅक्टेरियाचं रुबिस्को तंबाखूच्या हरितलवकात काम करू लागलं, 2018 मध्ये साधी केलेली कार्बोक्सिझोमंही तिथं बांधली गेली. पण दोन्ही वेळा रोपांना वाढायला जादा कार्बन डायऑक्साइड द्यावा लागला. पेटी आहे, पण तिच्याकडे बायकार्बोनेट ओढून आणणारे पंप हरितलवकाच्या पटलावर चालायला हवेत, आणि हरितलवकात पेटीबाहेर असलेलं कार्बोनिक अनहायड्रेज काढायला हवं. प्राइस-बॅजरांचा तो प्रयोग इथंही आडवा येतो.