क्लूलेस

क्लूलेस : अमेरिकन किशोरवयीन विनोदी चित्रपट. प्रदर्शन १९ जुलै १९९५, लेखन-दिग्दर्शन एमी हेकर्लिंग, वितरण पॅरामाउंट. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ (१८१५) या कादंबरीचे कथानक यात बेव्हर्ली हिल्समधल्या श्रीमंत शाळकरी मुलांत आणून बसवले आहे. सुमारे १.२ कोटी डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत साडेपाच कोटींहून अधिक गल्ला जमवला. त्या दशकातले बरेच शाळा-कॉलेजपट आता जुन्या आठवणी म्हणून पाहिले जातात. हा मात्र प्रदर्शनानंतर जन्मलेल्या मुलींनीही आपलासा केला. हेकर्लिंगने १९९५ साल हुबेहूब टिपण्याच्या भानगडीत न पडता स्वतःचे एक गाव वसवले, म्हणून तो शिळा होत नाही.

शेर होरोविट्झ (ॲलिशिया सिल्वरस्टोन) ही बड्या वकिलाची आईवेगळी लेक. आई लायपोसक्शन करताना दगावली, हे ती हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे सांगून टाकते. वादविवादाच्या विषयात मार्क कमी पडले, म्हणून गुरुजींचा मूड सुधारायला ती त्यांचे एका शिक्षिकेशी जुळवून देते. ते जमते, आणि मग नसत्या उठाठेवींची चटकच लागते. शाळेत नवीन आलेल्या टायला (ब्रिटनी मर्फी) ‘सुधारायला’ ती हाती घेते आणि तिच्यासाठी एल्टन नावाचा मुलगाही परस्पर ठरवून टाकते. एल्टनचा डोळा अर्थातच खुद्द शेरवर असतो.

ऑस्टिनच्या वाचकाला इथे वेगळीच मौज आहे. कादंबरीत एमा आपल्या मैत्रिणीचे, हॅरिएटचे चित्र काढते आणि एल्टन त्यावर लुब्ध होतो, तो चित्रकर्तीमुळे. चित्रपटात शेर टायचा फोटो काढते आणि तो एल्टनच्या लॉकरच्या दारावर लागतो. एल्टन एमाला घोडागाडीत लग्नाची मागणी घालतो, तिच्या जागी मोटार आली आहे. प्रेमभंगानंतर हॅरिएट एल्टनची आठवण म्हणून जपून ठेवलेली चिकटपट्टी आणि पेन्सिलीचा तुकडा आगीत टाकते. टाय शेकोटीपाशी बसून एल्टनने तिच्या डोक्याला बर्फ लावला तो टॉवेल आणि त्या रात्रीच्या गाण्याची कॅसेट जाळायला काढते. आठवणींची पुडी बांधून ठेवण्याची खोड दोनशे वर्षांत बदललेली नाही.

पोशाखांचा मुद्दा सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यातली खुबी निसटते. त्या काळी अमेरिकेत ग्रंज या रॉक संगीतप्रकाराचा जोर होता आणि मुले ढगळ पँटी, चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट घालून हिंडत. वेशभूषाकार मोना मे हिने ते सगळे बाजूला सारले. शेरचा तो प्रसिद्ध पिवळ्या चौकड्यांचा जाकीट-स्कर्ट म्हणजे जणू त्याच चौकड्या, पण कमरेत बसवलेल्या आणि इस्त्रीच्या. तो निवडला जातो संगणकावर : वरचा कपडा आणि खालचा कपडा सरकत जातात, जोडी चुकली की पडदा तसे बजावतो. १९९५ मध्ये हे निव्वळ कल्पनारंजन होते. शाळेत कोणी घालत नव्हते असे कपडे दाखवल्यामुळे ते जुनेही झाले नाहीत.

भाषेचेही तेच. हेकर्लिंग बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत वर्गात जाऊन बसली, इकडून-तिकडून बोलीतले शब्द वेचले, काही स्वतः घडवले. ‘ॲज इफ!’ हा शेरचा उद्गार आपल्या ‘काहीही हं!’च्या सुरात ऐकावा. ‘मोने’ म्हणजे त्या नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांसारखे, लांबून छान आणि जवळ गेल्यावर नुसता गोंधळ; मराठीत ‘दुरून डोंगर साजरे’.

तरी नुसत्या कपड्यांवर आणि शब्दांवर चित्रपट तीस वर्षे टिकत नाही. शेरला हसायचे, पण तिला मूर्ख ठरवायचे नाही, ही तारेवरची कसरत हेकर्लिंगला साधली. एका प्रसंगात शेरच्या सावत्र भावाची, जॉशची (पॉल रड) विद्वान मैत्रीण एक वाक्य हॅम्लेटच्या तोंडी घालते. शेर तिला अडवते : ते त्याच नाटकातला तो पोलोनियस म्हणतो. आपल्याला हॅम्लेट नसेल पाठ, पण (चित्रपटात हॅम्लेट झालेला) मेल गिब्सन नक्की पाठ आहे, हा तिचा खुलासा. वरवरची वाटणारी मुलगी बरोबर असते, तीही चुकीच्या वाटेने. पटकथेला नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सचा पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. जॉश हा तिच्या बापाच्या घटस्फोटित दुसऱ्या बायकोचा मुलगा, शिवाय कॉलेजात जाणारा. शाळकरी मुलीशी त्याचे जुळणे आजच्या प्रेक्षकाला अडखळवते. घरकाम करणाऱ्या बाईला शेर सरसकट मेक्सिकन समजते, ती मूळची एल साल्वादोरची. तिथे चित्रपट मात्र शेरची बाजू घेत नाही.

पुढे यावर दूरदर्शन मालिका (१९९६–९९) आणि संगीत नाटक (२०१८) निघाले. हिंदीत दिल्लीच्या उच्चभ्रू वस्तीत घडणारा ‘आयशा’ (२०१०) याच वाटेने एमाकडे गेला. कपडे होते, खट्याळपणा कमी पडला.

ऑस्टिनची कादंबरी सुरू होते ती एमाच्या शिक्षिकेचे लग्न होऊन गेल्यावर. हेकर्लिंगने शिक्षकांचे लग्न शेवटी ठेवले. निवेदनातून क्षणभर वाटते की शेरचेच लग्न आहे. ती लगेच झटकून टाकते, मी सोळा वर्षांची आहे. मग पुष्पगुच्छ हवेत उडतो आणि मुली तुटून पडतात. तो कुणाच्या मैत्रिणीला मिळणार यावर पोरांनी २०० डॉलरांची पैज लावलेली असते. तो शेरच्या हाती लागतो.