डिस्क गोल्फची टूर आणि गावोगावची हवा

डिस्क गोल्फ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फ्रिस्बीपेक्षा लहान, जड आणि निमुळत्या कडेची डिस्क टी पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चौथऱ्यावरून, फेकायची, पडली तिथून परत फेकायची, आणि साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये कमीत कमी थ्रोमध्ये घालायची, बास. 1975 मध्ये एड हेड्रिकने कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला, पुढच्याच वर्षी पीडीजीए ही संघटना काढली, आणि 2016 पासून प्रो टूर सुरू आहे. हे टूरवाले खेळाडू फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडून निघतात आणि ऑक्टोबरपर्यंत गावोगाव फिरत असतात, कित्येक जण तर व्हॅनमध्येच राहतात. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो, छोट्या स्पर्धांसाठी मीही आसपासच्या राज्यांत जातो, आणि माझं मत असं झालंय की फिरत्या खेळाडूची खरी परीक्षा कोर्सपेक्षा हवा घेते.

ते कसं हे कळायला डिस्क उडते कशी ते बघावं लागेल. प्रो खेळाडूचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, हातातून सुटतो तेव्हा वेग ताशी 110 किमीच्या आसपास असतो आणि डिस्क मिनिटाला हजाराच्या वर गिरक्या घेत असते. हवा डिस्कला नुसती वर उचलत नाही, तिचं नाक, म्हणजे पुढची कड, खाली किंवा वर ढकलायलाही बघते. डिस्क फिरत नसती तर लगेच कोलमडली असती, पण ती फिरत असते, आणि फिरत्या भोवऱ्याला ढकललं की तो ढकललेल्या दिशेला न पडता काटकोनात कलतो, तेच इथे होतं. उजव्या हाताच्या बॅकहँडला (हात अंगासमोरून आडवा नेऊन टाकलेल्या थ्रोला) डिस्क वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून हवेने नाक खाली दाबलं की डिस्क उजवीकडे कलते आणि नाक वर उचललं की डावीकडे. सुरुवातीला वेग भरपूर असतो, डिस्क हवेला जवळजवळ सपाट कापत जाते, तेव्हा नाक खाली दाबलं जातं म्हणून ती उजवीकडे वळते, त्याला टर्न म्हणतात. मग वेग कमी होतो, डिस्क खाली यायला लागते, हवा खालून जास्त तिरकी येऊन आदळते, दाबाचा केंद्रबिंदू पुढे सरकतो, नाक वर उचललं जातं आणि डिस्क डावीकडे झुकत जमिनीवर येते. हा फेड. टर्न करायला नाखूश आणि फेड जोरात करणारी ती ओव्हरस्टेबल, उलटी ती अंडरस्टेबल, अख्खा खेळ या दोन शब्दांवर चालतो.

आता यात हवेची घनता घाला. हवेचा जोर घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीला 15 अंश तापमानात एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.225 किलो असतं. युटामधलं ऑग्डेन हे शहर जवळपास 1300 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराएवढ्या उंचीवर, तिथे हवा साधारण 12 टक्क्यांनी विरळ. याचा हिशोब केला तर समुद्रकाठी ताशी 108 किमीने टाकलेल्या डिस्कला हवेचा जेवढा जोर मिळतो तेवढा ऑग्डेनला मिळवायचा असेल तर 115 ने टाकावी लागेल. हात तर तोच आहे! म्हणजे ऑग्डेनच्या हवेत तोच थ्रो 101 चा असल्यासारखा वागतो, टर्न कमी होतो, फेड लवकर येतो, आणि घरी सरळ जाणारी डिस्क तिथे डावीकडच्या झाडांत शिरते. क्रिकेटचा चेंडू विरळ हवेत लांब जातो म्हणून लोकांना वाटतं डिस्कही तशीच जाणार, पण चेंडू हवेवर तरंगत नसतो, डिस्क तरंगते. तिच्यासाठी हवेचा अडथळा कमी होतो तसं हवेचं उचलणंही कमी होतं, आणि वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून डोंगराळ राज्यांत जाताना अनुभवी खेळाडू बॅगेत अंडरस्टेबल डिस्क वाढवतात.

2021 ची जागतिक स्पर्धा याच ऑग्डेनला झाली होती. शेवटच्या होलवर जेम्स कॉनराड एका थ्रोने मागे, समोर पॉल मॅकबेथ, आणि कॉनराडने सुमारे 247 फुटांवरून, म्हणजे 75 मीटरवरून, पटर, म्हणजे एरवी जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क, थेट बास्केटमध्ये घालून बरोबरी साधली, मग प्लेऑफ जिंकून चॅम्पियन झाला. त्याला लोक चमत्कार म्हणतात, मला त्यात आधीच्या सगळ्या राउंडमध्ये त्या हवेत टाकलेला प्रत्येक पटर दिसतो. 75 मीटरवर अंदाज जरासा चुकला तरी साखळी सोडा, बास्केटच्या जवळपासही डिस्क जात नाही.

उंची एक वेळ नकाशात बघून कळते, वाऱ्याचं तसं नाही. 30 मीटर प्रति सेकंदाने टाकलेल्या डिस्कला समोरून 5 मीटर प्रति सेकंद वारा लागला, म्हणजे ताशी 18 किमी, फार काही नाही, तरी वर्गाच्या हिशोबाने हवेचा जोर 36 टक्के वाढतो, आणि तोच वारा पाठीमागून असेल तर 31 टक्के घटतो. ऑग्डेनच्या 12 टक्क्यांशी तुलना करून बघा! म्हणूनच कॅन्ससमधल्या एम्पोरियासारख्या मोकळ्या माळरानावर, जिथे 2022 ची जागतिक स्पर्धा झाली, एकाच होलवर सकाळी एक डिस्क आणि दुपारी दुसरीच लागू शकते. वारा किती मोठी गोष्ट आहे याचा पुरावा म्हणजे डेव्हिड विगिन्स ज्युनिअरचा 2016 चा थ्रो, नेवाडाच्या वाळवंटात प्रिमला, पाठीशी जोरदार वारा घेऊन, 338 मीटर.

तापमानाकडे लोक दुर्लक्ष करतात ते मला पटत नाही. मार्चमध्ये टेक्सासला सकाळी 5 अंश आणि दुपारी 25 अंश असं सहज होतं, तेवढ्याने हवा 7 टक्क्यांच्या आसपास हलकी होते, शिवाय थंडीत प्लॅस्टिक कडक होतं आणि बोटांची पकड जाते. दमटपणाचा घनतेवर परिणाम मात्र अगदी कमी, तोही लोक समजतात त्याच्या उलट, कारण पाण्याची वाफ नायट्रोजनपेक्षा हलकी असते. फ्लोरिडात त्रास होतो तो घामेजल्या हाताचा, म्हणून टॉवेल आणि पावडरची पिशवी.

आणि डिस्क स्वतःही बदलत असते, हा भाग मला सगळ्यात आवडतो. नियमाप्रमाणे डिस्कचं वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे 21.1 सेंमीच्या ड्रायव्हरला साधारण 175 ग्रॅम. पण सारख्याच वजनाच्या, एकाच साच्यातल्या दोन डिस्क घेऊन कडेवरून बोट फिरवून बघा, नवीची कड गुळगुळीत लागेल, जुनीची झाडांवर आपटून आपटून खरबडीत, बारीक खाचा पडलेली, खालच्या अंगाला किंचित गोल झालेली. एवढ्याशा फरकाने जुनी डिस्क जास्त टर्न करते, तिला बीट-इन म्हणतात. म्हणून खेळाडू एकाच मॉडेलच्या तीन-चार डिस्क वेगवेगळ्या झिजेच्या ठेवतात, नवी वाऱ्यासाठी, झिजलेली डोंगरासाठी. नवी डिस्क कुठल्याही दुकानात मिळते पण दोन वर्षं झाडांवर आपटलेली कुठून आणणार, त्यामुळे विमानप्रवासात चेक-इनची बॅग हरवली तर पैशाने भरून निघत नाही. मुख्य डिस्क केबिनमध्येच न्याव्यात असं मी सगळ्यांना सांगतो.

उरलं शरीर. उन्हाळ्यात टूर युरोपात जाते, फिनलंडमधल्या नोकिया गावात (हो, फोनच्या कंपनीला नाव याच गावावरून मिळालं) युरोपियन ओपन ही मोठी स्पर्धा अनेकदा झालीय. कॅलिफोर्निया आणि फिनलंडमध्ये 10 तासांचा फरक. नोकियात दुपारी 2 चा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) म्हणजे नुकत्याच उतरलेल्या कॅलिफोर्नियाच्या खेळाडूच्या शरीरासाठी पहाटेचे 4, जेव्हा शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि ताकद, प्रतिक्रिया, लक्ष सगळंच मंदावलेलं असतं. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेकडे जाताना जास्त कुरकुरतं, कारण त्याचा नैसर्गिक दिवस 24 तासांपेक्षा किंचित मोठा आहे, त्याला उशिरा झोपणं सोपं जातं, लवकर झोपणं नाही. त्यात जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य रात्री 11 च्या सुमारास मावळतो आणि हे घड्याळ सर्वात जास्त उजेडाचंच ऐकतं. खोलीला जाड काळे पडदे आणि आठवडाभर आधी पोचणं, याला दुसरा पर्याय नाही.

नव्या गावात पोचल्यावर कोर्सवर जायच्या आधी मोकळ्या मैदानात जावं असं माझं मत. ओळखीचा एक पटर, एक मिडरेंज (मधल्या अंतराची डिस्क) आणि एक ड्रायव्हर सपाट टाकायचे, घरी जिथे पडतात त्यापेक्षा किती डावीकडे पडतात ते यूडिस्क ॲपवर मोजायचं, आणि मगच ठरवायचं बॅगेतून काय काढायचं आणि काय भरायचं. हे सकाळी एकदा करायचं आणि आपल्या टी टाइमच्या वेळी परत एकदा.